इंदूरात घरखर्च खरंच कुठे वाचतो? "लाईट-पंखे बंद करा" एवढंच सांगू नका

लोकमान्यनगरची_सून

नमस्कार मंडळी. विषय जुनाच आहे पण मला आपल्या इंदूरचा हिशोब पाहिजे, पुण्या-मुंबईच्या बायकांचे व्हिडिओ बघून बघून कंटाळले, तिकडचे भाव वेगळे, तिकडचं लाईट बिल वेगळं. आम्ही घरात पाच जण, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि मुलगी सहावीत. मिस्टरांनी नोकरी बदलली त्यात पगार थोडा खाली आला आणि शाळेची फी वर गेली, म्हणजे महिन्याला तीन-एक हजार तरी घरातूनच काढावे लागणार. सासूबाई म्हणतात पूर्वीसारखं वर्षाचं धान्य भरू आणि किराणा सियागंजाच्या घाऊक बाजारातून आणू. मिस्टर म्हणतात सोलर लावू. मैत्रीण म्हणते गॅस सोड इंडक्शन घे. प्रत्येकाचं वेगळंच.

आणि एक कोडं, लाईट बिल एखाद्या महिन्यात तीनशे-चारशे येतं आणि पुढच्याच महिन्यात हजाराच्या वर, घरात नवीन काहीच आणलेलं नसताना. मीटर खराब असेल का? साबणाच्या चिपट्या जोडा, टूथपेस्ट कापून वापरा असले उपाय कृपया नकोत, ते आमच्याकडे आधीपासून चालू आहेत :)

मीटरवाले_काका

ताई, मीटरचं आधी सांगतो कारण मला वाटतं तुमचे पैसे तिथेच जातायत. मीटर बहुतेक ठीकच असेल. आपल्या एमपीत अटल गृह ज्योती योजना आहे, आधी तिला इंदिरा गृह ज्योती म्हणायचे. त्यात महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत राहिला तर पहिल्या १०० युनिटचे फक्त १०० रुपये आणि वरच्या पन्नासला नेहमीचा दर. पण १५० ओलांडले की सवलत अख्खी जाते. लोकांना वाटतं की वरच्या दोन-चार युनिटांनाच जास्त पैसे लागतील, तसं नाहीये, पहिल्या युनिटपासून सगळे नेहमीच्या दरात. म्हणजे १४८ वाल्या आणि १५३ वाल्या घरात फरक पाच युनिटचा पण बिलात फरक पाचशेच्या वर. तुमचं तीनशे-चारशेचं एकदम हजार होतं ते हेच.

हिशोब रोजच्या ५ युनिटांनी धरतात, ३० दिवसांचं रीडिंग असेल तर १५०, ३३ दिवसांनी रीडिंग झालं तर १६५ पर्यंत चालतं. म्हणून रोज एका ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहा, सासऱ्यांना सांगा, रिटायर माणसाला असलं काम आवडतं (मी स्वतः तेच करतो).

आता पाच युनिटच्या आत बसायचं कसं. तुम्ही म्हणालात लाईट-पंखे बंद करा सांगू नका, मी पंखे बदला म्हणतोय. जुना पंखा ७०-८० वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणारा नवीन पंखा) फुल स्पीडवर ३० च्या आसपास. बारा तास चालला तर एका पंख्यामागे रोज अर्धा युनिट म्हणजे महिन्याला १५-१६ युनिट. सगळे एकदम बदलू नका, आजी-आजोबांच्या खोलीतला दिवसभर चालतो तो आधी, हॉलमधला नंतर, पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्या, तो फिरतो किती. दुसरं, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. रिमोटने टीव्ही बंद केला की आपल्याला वाटतं झालं, पण डबा चोवीस तास आठ-दहा वॅट खात बसतो, महिन्याचे सहा-सात युनिट नुसते झोपेत. भिंतीवरचं बटण दाबा. गीझर १५ लिटरचा असेल तर थंडीत गार पाणी कडकडीत करायला साधारण पाऊण युनिट जातो, पाच जण एकामागोमाग एक आंघोळीला गेले तर ठीक, पण एक सातला आणि एक साडेनऊला असं असेल आणि मधे गीझर चालूच, तर टाकी उगाच परत परत तापत राहते.

उन्हाळ्यात एसी लावत असाल तर त्या महिन्यात १५० विसरून जा, मग निदान २४ च्या खाली नेऊ नका, एका डिग्रीला साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई ह्या वीजबचतीच्या सरकारी संस्थेचंच म्हणणं आहे. पण आपल्याकडे एप्रिल-मेमधे हवा इतकी कोरडी असते की कूलर एसीच्या तोंडात मारतो, दीडशे-दोनशे वॅटमधे काम. फक्त खिडकी उघडी पाहिजे, बंद खोलीत कूलर लावून लोक म्हणतात चिकचिक होतं, होणारच. रात्री तर तसंही शब-ए-मालवा (माळव्याची गार रात्र), बाराच्या पुढे वारा सुटतोच. पाऊस सुरू झाला की मात्र कूलर झाकून ठेवा.

सुदामानगर_काकू

सूनबाई (असंच म्हणते हं, राग मानू नकोस) सासूबाईंचं ऐक. आमच्याकडे अजून अक्षयतृतीयेच्या आत गहू भरायचा म्हणजे भरायचा. छावणी मंडीच्या आसपास दुकानं आहेत, दोन-तीन ठिकाणी मूठभर मूठभर नमुना आणायचा, घरी दळून एकदा पोळी करून बघायची आणि मग पोती सांगायची. रोजच्या पोळीला लोकवन छान, शरबती गोड असतो पण भाव बघून डोळे फिरतात. बाफल्यांसाठी (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) थोडा काठा गहू वेगळा ठेवायचा.

भरणं म्हणजे नुसतं ओतणं नाही. गव्हाला ऊन दाखवायचं आणि मग रात्रभर पसरून निवू द्यायचं. गरम गरम कोठीत ओतला की आत घाम सुटतो आणि कीड तिथूनच लागते, हे आजकालच्या मुलींना कोणी सांगतच नाही. कोठी आतून कोरडी ठणठणीत पाहिजे. काठोकाठ भरायची, आत हवा कमी राहते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेला, हिरवा घातलास तर ओल तूच नेऊन ठेवलीस.

आणि एक हात जोडून सांगते, दुकानदार कीड मारायच्या सल्फासच्या गोळ्या देतात "कपड्यात बांधून टाका, वर्षभर बघायला नको" म्हणून. घरात आणू नका. त्या गोळ्यांना हवेतली ओल लागली की त्यातून विषारी वायू निघतो आणि त्यावर डॉक्टरांकडे उतारा नाही. झोपायच्या खोलीत कोठी असलेल्या घरांतून माणसं गेल्याच्या बातम्या येतात त्या ह्याच. गोदामवाले बंद करून वापरतात ते वेगळं, आपली दोन खोल्यांची घरं.

हिशोबी_पलासिया

काकू, पोळीच्या चवीबद्दल एक शब्द बोलणार नाही, पण प्रश्न पैसे वाचवण्याचा आहे तर जरा कागदावर मांडू का. पाच माणसांना महिन्याला २५ किलो पीठ धरू. चांगला लोकवन ३२-३४ रुपये किलो, निवडून घट जाते ती धरा, दळण चार-पाच रुपये, म्हणजे घरचं पीठ पडलं ३८-३९ ला. पाकिटातलं पीठ ४५, ऑफर असली तर ४०-४२. फरक किलोला पाच-सहा रुपये, महिन्याचा दीडशे. त्यासाठी एप्रिलमधे दहा हजार एकदम काढायचे, ते पण ज्या महिन्यात शाळेची फी भरायचीय त्याच महिन्यात! चव आवडते म्हणून भरा, शंभर टक्के भरा, पण तीन हजारातले दीडशेच त्यातून निघतील एवढं डोक्यात ठेवा.

खरा पैसा आपण इंदुरी लोक कुठे घालवतो माहितीये का भिया, नमकीनमधे. थट्टा नाही करत. लौंग सेव, साधी सेव, मिक्चर, पोह्यावर सेव, वरणावर सेव, भाजी नाही आवडली तर सेवेची भाजी, आमच्याकडे एकदा लिहून काढलं तर दर महिन्याला भाजीपेक्षा थोडाच कमी आकडा होता. आणि रविवारी पाच जणांनी छप्पन दुकानला किंवा रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जाणं, गराडू, जोशींचा दहीवडा, शिकंजी, मग "आता आलोच आहोत तर" म्हणून जिलबी. बंद करा म्हणत नाही, इंदूरात राहून सराफा बंद म्हणजे काय जगणं. पण घरून अर्धं पोट भरून जा आणि दर रविवारऐवजी रविवाराआड, तीन हजारातला मोठा तुकडा इथेच निघतो.

किराण्याचं म्हणाल तर सियागंज स्वस्त आहेच पण तिथे जायचं तर तीन-चार घरांनी मिळून जावं. एकट्याने पाच किलो साखरेसाठी जाऊन पार्किंग आणि पेट्रोल घालवण्यात अर्थ नाही. आणि कुठेही घ्या, पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात ग्रॅममागे किंवा किलोमागे भाव छापलेला असतो, आता तो छापावाच लागतो, तो वाचायची सवय लावा. तेलाच्या पाकिटांत तर फारच गंमत आहे, शेजारी शेजारी सारखीच दिसणारी दोन पाकिटं, एकात ९१० ग्रॅम आणि दुसऱ्यात आठशेच्या आसपास, आणि आपण स्वस्त म्हणून दुसरं उचलतो. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हेही खरं नाही, बिस्किटं आणि साबणात कितीदा उलटं निघतं.

सुदामानगर_काकू

हिशोबी, तुझा हिशोब एप्रिलच्या भावाचा आहे. डिसेंबर-जानेवारीत गव्हाचा भाव काय होतो ते बघ आणि मग बोल. आणि ४० च्या ऑफरमधलं पीठ कधी दळलंय कोणाला माहीत.

नमकीनचं मात्र बरोबर बोललास, आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, उत्तर आलं नाही.

बडोद्याची_माहेरवाशीण

मी बडोद्याच्या मराठी घरातली, लग्नानंतर इंदूरला. आमच्याकडे माहेरी उन्हाळ्यात अंगणभर धान्य असायचं, त्यामुळे काकूंच्या बाजूची आहे पण मी गहू वर्षाचा भरत नाही, तीन-तीन महिन्यांचा आणते, फ्लॅटमधे कोठी ठेवू कुठे. तूरडाळ मात्र वर्षाची घेते. डाळीला एरंडेल हाताला लावून नुसतं चोळायचं, डाळ ओली दिसता कामा नये, फक्त चमक आली पाहिजे, किलोला लहान चमचाभर पुरतं. भाजायच्या आधी किंवा शिजवायच्या आधी कोमट पाण्याने दोनदा धुतलं की वास राहत नाही. रवा, बेसन, पोहे ह्यांना जाळी लागते ती बहुतेक दुकानातूनच अंडी घेऊन येते, आणल्या आणल्या पाकीट तसंच तीन-चार दिवस फ्रीजरमधे ठेवा, मग डब्यात काढा. पावसाळ्यात किती फेकलं जायचं ते थांबलं.

कांदा! एप्रिल-मेमधे येतो तो उन्हाळी कांदा टिकतो, तेव्हा चोइथराम मंडीतून एक कट्टा आणून शेजारणीबरोबर वाटून घ्यायचा. बाल्कनीत सावलीला, जाळीच्या पिशवीत टांगून, खालून-वरून हवा लागली पाहिजे. मान सुकलेली, साल वाजणारी असेल तोच घ्या, मोड आलेला एकही आत जाऊ देऊ नका आणि बटाट्याच्या टोपलीशेजारी ठेवू नका. ऑक्टोबरमधे भाव चढतात तोवर पुरतो. पावसाळ्यानंतरचा नवीन लाल कांदा असा ठेवायला जाऊ नका, महिन्यात पाणी सुटतं. तसाच हिवाळ्यातला मटार, डिसेंबर-जानेवारीत पोतंभर स्वस्त असतो, सोलून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, पुसून फ्रीजर. सोलायला टीव्हीसमोर सगळ्यांना बसवायचं, मोबाईल बाजूला राहतात हा वरचा फायदा.

आणि तूप विकत आणता का? आणत असाल तर ते बंद करा. रोज दोन लिटर फुल क्रीम दूध येतं अशा घरात साय जमवली तर महिन्याला किलो-दीड किलो तूप घरचं निघतं, ताक वेगळं. तूप सहाशे-सातशे किलो आहे, हा काही चिल्लर आकडा नाही. साय फ्रीजरमधे जमवा, विरजण लावायच्या आदल्या दिवशी बाहेर काढा, नाहीतर कडसर वास येतो.

लोकमान्यनगरची_सून

बापरे, इतकं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. तूप आम्ही विकतच आणतो आणि साय मुलगी खाते :) सासरे मीटरच्या कामाला लागले, कॅलेंडरवर लाल पेनने आकडे. रोजचे सहा-साडेसहा युनिट निघतायत, म्हणजे काका म्हणतात तसंच आहे. मग इंडक्शन आणि सोलरचं काय करू?

मीटरवाले_काका

इंडक्शन तुमच्या घरी सध्या नको. कागदावर बघितलं तर गॅस आणि इंडक्शन जवळजवळ बरोबरीत आहेत. १४.२ किलोच्या सिलेंडरमधे जेवढी उष्णता असते त्यातली चाळीस टक्के भांड्याच्या बाजूने हवेत जाते, उरलेली शंभर-एकशेदहा युनिटच्या बरोबरीची कामाला येते. सिलेंडर नऊशेचं धरलं तर कामाला आलेल्या युनिटमागे आठ-साडेआठ रुपये पडले. इंडक्शनचे थोडे कमी पडतील, साडेसात वगैरे. म्हणजे वाटतं की इंडक्शन जिंकलं, पण सगळा स्वयंपाक त्यावर आणला तर महिन्याचे सत्तर-ऐंशी युनिट वाढतील आणि १५० ची सवलत कायमची गेली. मैत्रिणीचं बिल आधीच तीनशे युनिटचं असेल तर तिचं बरोबर आहे, तुमचं वेगळं.

गॅसच वाचवा. डाळ, छोले, राजमा भिजवल्याशिवाय कुकरला लावू नका, शिटी झाली की आच बारीक, बारीक आचेवर पण कुकर तितकाच तापलेला राहतो, जास्त शिट्ट्यांनी डाळ लवकर शिजत नाही, वाफ फक्त बाहेर जाते. ज्योत पिवळी दिसली की बर्नर साफ करा.

सोलर, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० सबसिडी, २ ला ६०,०००, ३ आणि त्याच्या वर ७८,०००. पैसे आधी आपण भरायचे, सिस्टीम चालू झाली की सबसिडी खात्यात येते. ३ किलोवॅटला सावली नसलेली तीनशे चौरस फूट गच्ची लागते आणि ती दिवसाला बारा-एक युनिट देते, महिन्याला साडेतीनशे. आता तुमचा वापर दोनशेच्या आत आणि तो १५० वर आणला तर बिल चारशे. चारशे रुपये वाचवायला लाखभर रुपये अडकवणार का? ज्यांच्याकडे दोन एसी आहेत, बिल तीन-चार हजार येतं, त्यांनी उद्या लावावं. तुम्ही पंखे बदला. (आणि कोणी सांगेल की घरात दुसरा मीटर घेऊन वापर वाटून टाका, त्या फंदात पडू नका, तपासणी झाली की मागचं सगळं वसूल करतात.)

रामबागवाला

सगळे किचनमधेच अडकलेत म्हणून लिहितो. सासू-सासरे घरात आहेत म्हणजे बीपी-शुगरच्या गोळ्या असतीलच. सरकारी जनऔषधी केंद्रात त्याच औषधाचा भाव ब्रँडच्या तुलनेत ५० ते ८० टक्के कमी असतो. आमच्या आई-बाबांचं मेडिकलचं बिल निम्म्याच्या खाली आलं, बाकी सगळं करून एवढं कुठेच वाचलं नाही. पण गोळी आपल्या मनाने बदलायची नाही, डॉक्टरांना सांगायचं की चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि पॉवर लिहून द्या, आणि बदलल्यावर बीपी-शुगर मोजत राहायचं. सगळी औषधं तिथे मिळतात असं नाही, थायरॉइडच्या गोळीत वगैरे डॉक्टर बदल नको म्हणाले तर ऐकायचं.

पाण्याचा आरओ फिल्टर आहे का? त्याच्या बाजूच्या नळीतून एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं, नळी बादलीत सोडा, फरशी, भांड्यांचं पहिलं विसळणं, गाडी सगळं त्यात होतं. कुंड्यांना रोज तेच घालू नका, क्षार जमतात. आपल्याकडे नर्मदेचं पाणी किती लांब जलूदवरून किती वर चढवून आणतात, आणि आपण ते मोरीत सोडतो. पाण्याचं बिल काही कमी होणार नाही, पण दिवसाआड पाणी येतं अशा कॉलनीत टँकर कमी लागतो.

हिशोबी_पलासिया

रामबागवाल्यांचा मुद्दा माझ्या नमकीनपेक्षा भारी आहे, मान्य.

लोकमान्यनगरची_सून

सासऱ्यांच्या गोळ्या महिन्याला अडीच हजाराच्या जातात, हे डोक्यातच आलं नव्हतं! ह्या वेळी डॉक्टरांना विचारतेच. काका, एक शेवटचं, मीटरचा आकडा रात्री सगळं बंद असतानासुद्धा बराच पळतो, फक्त फ्रीज चालू असतो. फ्रीज मुलीच्या जन्माच्याही आधीचा आहे. नवीन घ्यायचा का?

मीटरवाले_काका

लगेच नको. आधी दाराचं रबर तपासा. दहाची नोट दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा, सहज निघून आली तर रबर गेलंय, तिथून गार हवा रात्रंदिवस बाहेर जातेय. चारही बाजूंना करून बघा, खालचा कोपरा बहुतेक आधी जातो. रबर काही शेकड्यात बदलून मिळतं, मॉडेल नंबरचा फोटो काढून घेऊन जा. मग मागची जाळी झाडा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि आतलं बटण उन्हाळ्यावर ठेवलेलं असेल तर थंडीत खाली आणा. एवढं करून परत रात्रीचा आकडा लिहा. तरी रोज दीड-दोन युनिट एकटा फ्रीजच खात असेल तर मग दिवाळीच्या ऑफरची वाट बघा, आणि स्टार बघताना लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते वाचा, नुसते तारे मोजू नका. रबराचं काय झालं ते इथे लिहा.